पाचूची अंगठी मशीनमध्ये धुवावी का?

प्रश्न (इंदूर): आईची पाचूची अंगठी निस्तेज झाली आहे. सराफ्यात "मशीनमध्ये लगेच धुऊन देतो" म्हणतात. देऊ का? माणकाचे डूलही आहेत.

उत्तर १: पाचू मुळीच देऊ नका! त्याच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं. त्या अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या) मशीनच्या कंपनांनी, उष्णतेने ते निघतं आणि भेगा पांढुरक्या दिसू लागतात. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश. खरा मळ खड्याच्या मागे, कोंदणात साठतो. तिथे हलक्या हाताने घासा.

उत्तर २ (बडोदा): माणकाचा कठीणपणा 9 (1 ते 10 च्या मोह्स मोजपट्टीवर), पण भेगांत काच भरलेली असेल तर लिंबाचा रससुद्धा त्या काचेला खातो. आधी भिंगातून पाहा: निळसर चमक, बुडबुडे दिसले की काच समजा.

उत्तर ३: घरात मोती असतील तर त्यांची डबी वेगळी ठेवा, माणकाने मोत्यांवर ओरखडे पडतात.