मदत हवी आहे: लिटल अंदमान, परतीची बोट आणि बटलर बे

फेब्रुवारीत चौघांचं लिटल अंदमान ठरतंय. पोर्ट ब्लेअर (आताचं श्रीविजयपुरम) ते हट बे (लिटल अंदमानचं बंदर) सरकारी बोटीने, तिथून बटलर बेचा किनारा १४ किलोमीटर. समुद्र खवळला की बोट रद्द होते, म्हणून परतीची बोट आणि विमान यांत दोन दिवस मोकळे ठेवलेत. हेलिकॉप्टरच्या जागा मोजक्याच, त्यावर भिस्त नाही.

अडलंय परतीच्या तिकिटावर. ते ऑनलाइन खात्रीने मिळतं, की हट बेला उतरल्या उतरल्या खिडकीवर रांग लावावी? बंकचं (झोपायच्या जागेचं) तिकीट मिळालं नाही तर डेकवर रात्र निघते का?

दुसरं, खाडीच्या तोंडाशी मगरींचा धोका असतो, तिथे उतरणार नाही. पण सध्या पोहायला किनाऱ्याचा कुठला भाग स्थानिक लोक सुरक्षित मानतात? वाळूतल्या बारीक माश्यांसाठी लांब पँट आणि खोबरेल तेल घेतोय, आणखी काही?

स्कूटर तिथे भाड्याने मिळते का, हेही सांगा. अंधार साडेपाच-सहालाच पडतो, त्यामुळे शेवटच्या बसची वेळ ठाऊक असेल तर फारच बरं. रोकड इथूनच नेणार आहोत. ओंगे आदिवासींच्या राखीव क्षेत्राकडे जायचा प्रश्नच नाही, कृपया तसे सल्ले नकोत.