सोलापूरचा किल्ला ‘गड’ का नाही? गड, कोट, दुर्ग, गढी

प्रश्न: सोलापूरच्या किल्ल्याला सगळे भुईकोट म्हणतात, ‘सोलापूरगड’ कुणीच नाही. गड, कोट, दुर्ग, किल्ला यांत नेमका फरक काय?

उत्तर: गड म्हटला की डोंगर आलाच. राजगड, रायगड, प्रतापगड ही सगळी डोंगरावरची नावं. कोट म्हणजे मुळात तट. सपाटीवर तट उभारून केलेला तो भुईकोट. आपल्या किल्ल्याचं बळ उंचीत नाहीच, ते दुहेरी तटात, खंदकात आणि एका अंगाला असलेल्या सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यात आहे. सोलापुरात ‘कोट’ हा शब्द कुणालाच परका वाटू नये: कन्नडात कोटे, तेलुगूत कोटा. ‘भुईकोट किल्ला’ ही द्विरुक्ती आहे, पण रुळलेली, चालू द्या. ‘भुईकोट गड’ मात्र चूकच.

दुर्ग म्हणजे जिथं जाणं अवघड ते ठिकाण: दुर् अधिक गम्. यात डोंगराची अट नाही. कौटिल्य 4 प्रकार सांगतो, पाण्याचा, डोंगराचा, वाळवंटाचा आणि वनाचा. म्हणून सिंधुदुर्ग समुद्रात असून दुर्ग, आणि बोरी नदीच्या कवेतला नळदुर्गही दुर्गच.

किल्ला अरबीतून फारसीमार्गे आला, बुरूजही तसाच. खंदकाचा प्रवास अधिक लांबचा: मूळ इराणी ‘खणलेला’, तिथून अरबीत, पुन्हा फारसीत आणि मग आपल्याकडे.

भर: ‘बालेकिल्ला’ राहिला. त्याचा बाळाशी काही संबंध नाही, ‘बाळकिल्ला’ लिहू नये. फारसी ‘बाला’ म्हणजे वरचा. राजगडावर अर्थ डोळ्यांना दिसतो: पद्मावती, सुवेळा, संजीवनी या 3 माच्या (तटबंदी केलेल्या सपाट सोंडा) खाली पसरलेल्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला. पक्षाचा ‘बालेकिल्ला’ लिहिताना एवढं तरी पाळावं, की बाकी सगळं पडलं तरी जो टिकतो तोच बालेकिल्ला. एकदा जिंकलेला मतदारसंघ नव्हे.

प्रश्न: आणि गावातली गढी?

उत्तर: गडाचं धाकटं रूप, पण डोंगर नसलेलं: पाटील-देशमुखांचा तटबंद वाडा. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गेलं की भिंतीच्या माथ्यातून पाणी आत मुरतं, माती फुगते आणि पावसाळ्यात एकेक थर निसटत भिंत खाली बसते. चिरे लोक घराला नेतात, पांढरी माती शेतात खत म्हणून जाते. उरतं ते टेकाड. गावात त्या टेकाडालाही गढीच म्हणतात.