सॅरनॅक लेकचा टीबी दवाखाना: सेवा की हवेचा धंदा?

गवती_चहा:
मागच्या वीकेंडला न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात गेलेलो, तिथे सॅरनॅक लेक म्हणून छोटंसं गाव आहे. बायकोला तळं बघायचं होतं आणि मी दवाखान्याच्या मागे. एडवर्ड ट्रूडो नावाचा डॉक्टर (कॅनडावाले नव्हेत हो) १८७३ मध्ये स्वतःच टीबी घेऊन या डोंगरात आला, खरं तर मरायलाच आला, कारण आधी सख्ख्या भावाची शुश्रूषा करताना त्याला याच रोगाने गेलेलं बघितलं होतं. पण हा जगला! १८७६ ला गावातच राहायला आला आणि १८८४ ला सॅनिटोरियम काढलं, म्हणजे टीबीच्या पेशंटला मोकळ्या हवेत, आरामात नि चांगल्या खाण्यावर ठेवायचा दवाखाना. पहिली झोपडी 'लिटल रेड', एक खोली नि पुढे इवलासा व्हरांडा, संपलं. पहिल्या पेशंट दोघी बहिणी, न्यूयॉर्कच्या कारखान्यात राबणाऱ्या. आठवड्याला ५ डॉलर घ्यायचे, खर्च त्याहून जास्त, उरलेले पैसे हा शिकारीला येणाऱ्या श्रीमंत मित्रांकडून मागून आणायचा. औषध नाही, इंजेक्शन नाही, आणि तरी एवढं उभं केलं. मला तरी ग्रेट वाटलं. आपल्याकडे 'हवापालट' म्हटलं की लोक हसतात, म्हणून धागा काढला.

खडूस_काका:
हसणारच. सॅनिटोरियममध्ये घ्यायचे कोणाला, तर ज्यांचा आजार नुकता सुरू झालाय त्यांना. पार खंगलेल्याला दारातूनच परत. मग बरे झालेल्यांचा आकडा चांगला दिसणारच ना, त्यात हवेचं कौतुक कसलं? आणि गावाचं बघा, घराघराला काचेचे व्हरांडे काढले, खाटा टाकल्या, पेशंट ठेवले. हंगामी हॉटेलंच ती. बर्फात फरचे कोट घालून माणसं खुर्चीवर आडवी, दिवसाचे तासन् तास, याला उपचार म्हणायचं?

गवती_चहा:
काका, नुसती हवा विकणारा माणूस सशांवर प्रयोग करत बसला नसता. त्याने १५ ससे घेतले, ५-५ चे तीन गट. पहिल्या गटाला जंतू टोचून कोंदट अंधाऱ्या जागेत कोंडलं, दुसऱ्याला जंतू न टोचता तसंच कोंडलं, तिसऱ्याला जंतू टोचून तळ्यातल्या बेटावर मोकळं सोडलं, खायला भरपूर. पहिल्यातले ४ मेले, बेटावरचा एकच मेला. आणि खरी गंमत दुसऱ्या गटाची, हाल झाले पण टीबी एकालाही नाही. म्हणजे जंतूशिवाय रोग नाही हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तेही १८८६-८७ ला, जेव्हा टीबी जंतूने होतो या जर्मन डॉक्टर कॉखच्या १८८२ च्या शोधावर भल्याभल्या डॉक्टरांचा विश्वास नव्हता. ट्रूडोला जर्मन येत नव्हतं म्हणून कॉखच्या निबंधाचा इंग्रजी तर्जुमा एका मित्राने नाताळची भेट म्हणून हाताने लिहून दिलेला! १८९३ ला घर जळलं, प्रयोगशाळा त्यातच होती, त्याच वर्षी मुलगी टीबीनेच गेली, आणि १८९४ ला गडी दगडी प्रयोगशाळा बांधून परत कामाला.

खडूस_काका:
पाच सशांवरून काय सिद्ध होतं राव. मुलीचं वाईट वाटलं, पण बापाच्या डोंगरात वाढूनही ती वाचली नाही हे पण लिहा की. टीबीवर लागू पडणारं पहिलं औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ ला सापडलं, पुढच्या गोळ्या आल्या आणि १९५४ ला सॅनिटोरियम बंद! हवेत दम असता तर बंद पडलं असतं का?

मिरजेची_सई:
दोघांचंही वाचतेय मघापासून. आपल्याकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये बेल-एअर सॅनिटोरियम काढलं ते याच विचारातून. माझी आजी पन्नासच्या दशकात अशाच एका डोंगरावरच्या सॅनिटोरियममध्ये (नाव नको) दीड वर्ष होती. बाबा तेव्हा चार वर्षांचे. त्यांना आठवतं ते एवढंच, खाली अंगणात काकांच्या खांद्यावर बसून वरच्या खिडकीतल्या बाईला हात करायचा. ती परत आली तेव्हा हे तिच्याजवळ जाईनात, आणि तिचं ताट-वाटी वेगळं ते शेवटपर्यंत वेगळंच राहिलं. हवेने तिला काय दिलं माहीत नाही, घर मात्र दीड वर्ष तुटलं.
आणि १९५९ ला मद्रासच्या अभ्यासात दिसलं की गोळ्या नीट घेतल्या तर दाटीवाटीच्या गरीब घरात राहणारा पेशंट सॅनिटोरियममधल्या इतकाच बरा होतो, घरच्यांना धोकाही जास्त नाही. जगभर घरी उपचार सुरू व्हायला त्याचा मोठा हात आहे.

खडूस_काका:
बघा, सईताई माझ्याच बाजूने.

मिरजेची_सई:
अजिबात नाही 😀 मद्रासला गोळ्या होत्या काका. १८८४ ला काय होतं? एका खोलीत सहा माणसं नि त्यात एक खोकणारा. त्याला तिथून उचलून वेगळं ठेवलं, पोटभर दूध-अंडी दिली, रुमालात न थुंकता कपात थुंकायला शिकवलं, तर निदान त्या खोलीतली पोरं तरी वाचली असतील. माझा राग आहे तो गोळ्या आल्यावरही बायांना वर्ष वर्ष डोंगरावर ठेवलं त्यावर. ट्रूडोवर नाही.

गवती_चहा:
हे पटलं. मी हवा हवा करत बसलो आणि थुंकायच्या कपाकडे दुर्लक्ष केलं, म्युझियममध्ये काचेमागे ठेवलाय तो, मी पुढे गेलो. काका, शेवटचा पेशंट कोण होता माहितीय? लॅरी डॉयल, बेसबॉलवाला. त्याचाच टीममेट क्रिस्टी मॅथ्यूसन १९२५ ला त्याच गावात टीबीने गेला, डॉयल मात्र १९५४ ला स्वतःच्या पायांनी बाहेर पडला.

खडूस_काका:
गोळ्यांच्या काळात सापडला म्हणून. असो. त्या आडव्या खुर्चीचा फोटो असेल तर टाका, गॅलरीत एक बसते का बघतो, डॉक्टरने मलापण आराम सांगितलाय.