ई४ ला बी६ कुणी रेग्युलर खेळतं का? उंट डी३ आणि वजीर ई२ आला की काळ्याचा जीव गुदमरतो

तिरका_उंट

नमस्कार मंडळी. सोलापुरातून लिहितोय, रेटिंग १५०० च्या आतबाहेर, रविवारची रॅपिड असली तर ती आणि कधीतरी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याची एखादी ओपन, एवढंच आपलं खेळणं. काळ्याकडून खेळताना ई४ आलं (पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं) की मी बी६ टाकतो, वजिराच्या बाजूचं बी प्यादं एक घर, म्हणजे ओवेन डिफेन्स. उंट बी७ ला, मग ई६, घोडा एफ६, सगळा डोळा ई४ च्या प्याद्यावर. समोरचा पहिल्याच चालीला पट सोडून आपल्या तोंडाकडे बघतो ते सुख वेगळंच.

आता अडचण. जे पुस्तकी खेळतात ते सगळे आता एकच करायला लागलेत: ई४ बी६, डी४ उंट बी७, उंट डी३ ई६, घोडा एफ३ घोडा एफ६, वजीर ई२. ई४ एकदम पक्कं. मी उंट ई७, तो कॅसल (राजा कोपऱ्याकडं सुरक्षित, हत्ती शेजारी), मी कॅसल, आणि मग ई५. घोडा डी५ ला जातो, लगेच वजीर ई४, एच७ वर सरळ मात दिसते म्हणून जी६ टाकायचं, मग उंट एच६, हत्ती ई८ ला सरकवायचा आणि तिथून पुढं आपण फक्त मार खात बसायचं. वजिराच्या बाजूचे मोहरे अजून घरातच, राजाभोवती काळ्या घरांची चाळण झालेली.

स्टॉकफिशला (बुद्धिबळाचं इंजिन) विचारलं तर ते बी६ टाकल्या टाकल्याच पांढऱ्याला ०.७ प्याद्याच्या आसपास आघाडी देतं, त्यामुळं त्याच्याकडून मनाला उभारी मिळायची आशा नाही. मला माणसांकडून ऐकायचंय. हा डिफेन्स नीट समजून खेळता येतो का, का नुसता धक्का द्यायचाच प्रकार आहे? आणि कृपा करून कोणी "कॅरो-कान घ्या" (ई४ ला सी६ वालं ओपनिंग) म्हणू नका.

पटावरचे_सर

कॅरो-कान घ्या. 😀

चेष्टा सोडा, पण मी मुलांना शिकवतो आणि बी६ बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण यूट्यूबवर बघून येतात आणि तिसऱ्या चालीला एफ५ टाकतात. उंट डी३ आला ना, मग एफ५ टाकून ई४ ओढायचं आणि जी२ चं प्यादं फुकट खायचं असा हिशोब. हा सापळा ग्रेकोच्या काळापासूनचा, म्हणजे सतराव्या शतकातला. ई प्यादं एफ५ ला मारतं, उंट जी२ खातो, वजीर एच५ शह, जी६, एफ प्यादं जी६ ला मारतं, आता पोरगं वजिरावर घोडा एफ६ टाकतं आणि खूश होतं. पुढं प्यादं एच७ ला मारून उठता शह, घोड्यानं वजीर खाल्ला, उंट जी६, मात. आठ चालींत घरी. वजीर खाल्ल्यावर त्या पोराचं तोंड जे फुललेलं असतं ते पुढच्या चालीला बघवत नाही.

घोड्याऐवजी उंट जी७ टाकला तर चालतं म्हणणारे येतील. तिथं पांढऱ्यानं हावरटपणानं एच७ खाल्लं तर राजा एफ८ ला जातो आणि एच१ चा हत्ती काळ्याच्या खिशात. पण पांढरा वजीर एफ५ खेळला की संपलं, घोडा एफ६ ला उंट एच६ आहे. त्यामुळं एफ५ विसरा.

तुम्ही ते खेळत नाही हे दिसतंय. पण माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. सोलापुरात खेळणारी डोकी ठरलेली, दोन-तीन स्पर्धांत सगळ्यांना कळतं की हा बी६वाला आहे. पुण्यात अनोळखी माणूस दचकेल, इथं पुढच्या वेळी तोच माणूस घरून उंट डी३ वजीर ई२ बघून येणार. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालेलं दिसतंय.

शेंगाचटणी

काय बे सर, पोरगं पाणी मागू लालाय आणि तुम्ही विहीर बुजवा म्हणू लालाय 😂

मला लई कळत नाही ओपनिंगमधलं, पण बी६ समोर मी स्वतः बसलोय आणि सांगतो, एच७ वर डोळा ठेवून पुढं जायला लई मजा येते. काळा कॅसल झाला की पांढऱ्याला कळतं कुठं जायचंय. नाही झाला तर मी तरी वाट बघत बसतो की आता करील, मग करील. एवढंच माझं ज्ञान.

बाळीवेस_६४

शेंगाचटणीनं एका ओळीत जे सांगितलं तेच खरं उत्तर आहे, फक्त ते पांढऱ्याच्या खुर्चीतून सांगितलंय.

तिरका_उंट, तुमचा क्रम बघा. उंट ई७ आणि कॅसलिंग या दोन चाली तुम्ही सी५ च्या आधी खर्च करताय. त्या दोन चालींत मधल्या फळीवर काहीच दबाव नाही, पांढऱ्याला ई५ टाकायला कुणी अडवलेलं नाही आणि राजाचा पत्ता तुम्ही स्वतः त्याला देऊन ठेवलाय. बी६ खेळणाऱ्यानं दोनच गोष्टी डोक्यात ठेवायच्या, ई४ वर नजर आणि सी५ वेळेवर. बी७ चा उंट एकटा काही करू शकत नाही, डी४ ला कुणीतरी खालून धक्का दिला तरच त्याची तिरकी उघडते.

म्हणून चौथ्या चालीलाच सी५ टाका. बहुतेक जण सी३ नं आधार देतात. मग घोडा एफ६, आता ई४ ला खरंच जपावं लागतं, वजीर ई२ आला. सी प्यादं डी४ ला मारा, त्यानं सी प्याद्यानंच परत घेतलं की घोडा सी६. धमकी काय, तर घोडा बी४, डी३ च्या उंटावर. समजा पांढऱ्यानं साधेपणानं घोडा सी३ काढला, तर घोडा बी४, उंट बी१ ला मागं, आणि आता उंट ए६! तोच उंट ज्याची तुम्ही बी७ वर पूजा करत होता. सरळ वजिरावर. ए६ ला बी४ च्या घोड्याचा आधार आहे, त्यामुळं वजिरानं मारायची सोय नाही. वजीर डी१ ला परतला की एफ१ वर तुमचा उंट बघतोय, पांढऱ्याचं कॅसलिंग अडकलं. मी हे पहिल्यांदा पटावर मांडलं तेव्हा चहा गार झाला.

पांढरा घोडा सी३ ऐवजी कॅसल झाला तर बी४ वरून डी३ चा उंट मारा, दोन उंट तुमचे आणि एच७ वरची कटकट कायमची गेली. जाणकार असेल तो ए३ टाकेल. मग डी५, ई५ आलं तर घोडा डी७, फ्रेंच डिफेन्ससारखा (ई६-डी५ वाला) पट होतो. जागा कमी असते, पण तुमच्या जी६ उंट एच६ वाल्या दुःखापेक्षा शंभर पटीनं बरं.

आणि तुम्ही दिलेल्या पटावर सुद्धा वजीर ई४ ला जी६ ची सक्ती नाही. एफ५ आहे. एन पासाँ (दोन घरं आलेलं प्यादं शेजारून) मारलं की घोडा एफ६ ला परत घेतो, आता वजिरावर घोडाही आणि मागून बी७ चा उंटही. ई६ खायला जाईल तर डी७ चं प्यादं आहे. वजीर एच४ ला गेला तर एच७ वर अजून लक्ष ठेवावं लागतं, पण एफ फळी उघडली, श्वास तरी घेता येतो. डी५ चा घोडा पुढं गेला की मागचा उंट वजिराला बघतो हे ध्यानात असेल तर वजीर ई४ ला येवढं घाबरायचं कारण नाही.

निवृत्त_काका

चर्चा वाचून राहवलं नाही. बाळीवेस यांनी सांगितलेलं मी एका डावातून दाखवतो. स्कारा, स्वीडन, १९८०, युरोपियन सांघिक स्पर्धा. पांढऱ्याकडून कार्पोव, तेव्हाचा जगज्जेता. काळ्याकडून इंग्लंडचा टोनी माइल्स. ई४ ला माइल्स ए६ खेळला, म्हणजे तुमच्या बी६ पेक्षाही चावट. डी४ ला बी५, मग उंट बी७. आणि पाचव्या चालीपर्यंत कार्पोवनं काय मांडलं असेल? घोडा एफ३, उंट डी३, वजीर ई२. तुम्हाला ज्याचा त्रास होतो तोच मांड, फक्त तुमचं प्यादं बी६ ला आणि त्याचं बी५ ला.

माइल्सनं सहाव्या चालीला सी५ केलं. नवव्या चालीला ई५ आलं, घोडा डी५ ला गेला, तुमच्यासारखाच. पण राजा तेव्हा ई८ वरच होता. आणि तो कधी कॅसल झाला म्हणाल तर अठराव्या चालीला! तोवर घोडेबदल झाले, एक घोडा बी४ ला जाऊन पांढऱ्याच्या काळ्या घरांतल्या उंटाशी बदलला, वजीर बी६ ला बसला. मग घोडा जी५, उंट एच७ शह वगैरे कार्पोवनं करून बघितलं, पण तोवर हल्ला करायला मोहरेच कमी उरले होते. तेविसाव्या चालीला कार्पोव वजीर डी३ खेळला, एच७ वर रोखून, घोडा बाजूला झाला की मात. माइल्सनं सी१ वर हत्ती मारून बदलला आणि वजिरानं बी२ चं प्यादं उचललं, पुढच्याच चालीला ई५ चंही. एक परत गेलं, पण शेवटाचा डाव दोन उंटांसह जिंकला. ४६ चाली. हा डाव पटावर हातानं मांडून बघा, फोनवर बोटानं सरकवू नका, एवढी विनंती.

बाकी ओवेन हे लिव्हरपूलकडचे पाद्री, त्यांनी १८५८ मध्ये लंडनला बी६ खेळून त्या काळच्या अमेरिकन दिग्गज मॉर्फीला हरवलं होतं. मग मॉर्फीनं त्यांना एक प्यादं आणि पहिली चाल देऊन मॅच खेळली आणि त्यात एकही डाव गमावला नाही, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर सर रागावतील.

आमच्या वडिलांच्या पिढीला बी६ चं काही वाटलं नसतं म्हणा. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, त्यामुळं असं मागं राहून उंट कोपऱ्यातून काढायची सवयच होती. १८५० च्या आसपास कलकत्त्यात स्कॉटिश खेळाडू कॉक्रेनसमोर महेशचंद्र बॅनर्जी असंच खेळायचे, समोरच्याला मध्यभाग घेऊ द्यायचा आणि मग तो पोखरायचा.

पटावरचे_सर

काका, रागावलो नाही. माइल्सचा डाव मलाही आवडतो. पण माइल्स ग्रँडमास्टर होता आणि त्यानं हे कार्पोवसमोर रोज केलं नाही. तिरका_उंट यांनी सी५वाला क्रम घेऊन खेळावं, माझी हरकत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मात्र मी आधी ई५ च शिकवणार, मधली घरं स्वतः धरायची सवय लागल्याशिवाय ती सोडून द्यायची कला कळत नाही. यावर माझं मत बदलणार नाही.

तिरका_उंट

काका, बाळीवेस, लई लई आभार. काल रात्री दोन्ही मांडून बघितलं. उंट ए६ वाली चाल बघून बायकोला उठवून दाखवली, तिला हत्ती कुठला नि उंट कुठला यातही रस नाही, तरी "बरंय" म्हणाली.

दोन शंका राहिल्या. एक, पांढरा उंट डी३ च्या ऐवजी घोडा सी३ खेळला तर? आणि दुसरी, डी४ नं सुरुवात झाली तर बी६ चालतं का, का तिथं वेगळं काही पाठ करावं लागेल?

बाळीवेस_६४

घोडा सी३ आला तर तुमचं नशीब उघडलं समजा. ई६, आणि घोडा एफ३ आला की उंट बी४. सी३ चा घोडा बांधला गेला की ई४ चा रखवालदार गेला, वर घोडा एफ६ येतोय. म्हणून हुशार लोक चौथ्या चालीला ए३ टाकतात. तेव्हा डी५ करा, परत फ्रेंचच्या गल्लीत. कुणी एफ३ टाकून ई४ पक्कं करत असेल तर करू द्या, त्याच्या घोड्याची चांगली जागा गेली, तुम्ही सी५ टाकून डी४ च्या मागं लागा.

डी४ ला बी६ चालतं, सी४ आलं की ई६, तो इंग्लिश डिफेन्स. माइल्स, कीन, स्पीलमन हे सगळे इंग्लिश ग्रँडमास्टर खेळायचे, आणि कोर्चनॉयनं १९७७ च्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यांत) पोलुगायेव्स्कीला यातच हरवलंय. पण तिथं सगळं वेगळं आहे, उंट बी४, वजीर एच४, एफ५ असले भडक प्रकार येतात, आणि सरांनी सांगितलेलं एफ५ तिथं चक्क चांगलं असतं कारण डी३-जी६ ची तिरकी अजून तशी उघडलेली नसते आणि ई६ आधीच झालेलं असतं. ते वेगळ्या धाग्यात विचारा, इथं मिसळलं तर रविवारी पटावर गोंधळ होईल.

शेंगाचटणी

रविवारी मी पण येऊ लालोय मालक. पेअरिंगमध्ये पडलो तर ई४ च टाकणार, बघू या तुमचं ते उंट ए६. आणि कॅसलिंग लवकर करा की ओ, माझ्यासाठी 🙏