अनुभव धागा: दक्षिण फ्रान्सच्या खेड्यांतील वसंत

रानवाटा
परिचयातील एका कुटुंबाने एप्रिलअखेरची प्रोव्हान्सची सहल रद्द केली, कारण त्या दिवसांत लॅव्हेंडर फुललेले नसते असे त्यांना कळले. लॅव्हेंडर जूनच्या अखेरीस आणि जुलैत फुलते हे खरे. परंतु ही बातमी ऐकल्यापासून फोंतेन-द-व्होक्लूझ येथील सोर्ग नदीचा उगम मनातून हलत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. उंच चुनखडी कड्याच्या पायथ्याशी ही नदी जमिनीतून एकदम वर येते. व्हाँतू पर्वतावर आणि भोवतालच्या पठारांवर पडलेला पाऊस व वितळलेले बर्फ जमिनीत मुरून इथवर पोहोचते, त्यामुळे वसंतात पाणी दगडधोंड्यांवरून गर्जत उतरते आणि भर उन्हाळ्यात तेच पाणी कुंडात खोल जाऊन निश्चल होते. १९८५ साली त्यात सोडलेले एक लहान यंत्र ३०८ मीटर खोल उतरले होते. जुलैतल्या प्रवाशाला हे गर्जणारे पाणी सहसा पाहायला मिळत नाही.

आम्ही स्वतः वसंतात गेलो तेव्हा तिथून पुढे ल्युबेरों भागात गेलो आणि कालाव्हों नदीलगतच्या सायकलमार्गावर भाड्याच्या सायकली चालवल्या. जुना लोहमार्ग काढून तो केलेला असल्याने चढ फारसे नाहीत. चेरीच्या बागा पांढऱ्या झालेल्या होत्या. याच मार्गावर पों ज्युलियँ हा तीन कमानींचा रोमन पूल लागतो. इसवी सनापूर्वी ३ साली बांधलेल्या या पुलावरून २००५ पर्यंत मोटारी जात असत! आता तो पायी व सायकलवाल्यांसाठी आहे. आपण वसंतात तिकडे गेला असाल, तर काय केले आणि काय करावे ते कृपया लिहावे.

माणदेशी
सँ-रेमी गावची मेंढरे पाहिल्याशिवाय परतू नये. पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी काही हजार मेंढ्या, सोबत गाढवे आणि पिळदार लांब शिंगांच्या रोव्ह जातीच्या शेळ्या गावाला दोन फेऱ्या घालतात. हिवाळाभर हे कळप क्रो नावाच्या दगडगोट्यांच्या सपाट माळावर असतात. उन्हाळ्यात तो माळ करपतो, म्हणून जूनच्या सुमारास ते आल्प्सच्या कुरणांवर चढतात. आता बहुतेक कळप ट्रकने जातात, तरी हा सोहळा गावाने जपला आहे.

आमच्या घराण्यात मेंढरे होती, त्यामुळे मी मिरवणुकीपेक्षा एका मेंढपाळाशी बोलण्यातच अधिक रमलो. क्रोच्या सिंचित भागातील गवताला १९९७ पासून गुणवत्तेचे सरकारी प्रमाणपत्र आहे आणि त्याचे भारे लाल-पांढऱ्या दोरीने बांधतात. वर्षातून तीन कापण्या होतात. चौथ्या वेळी उगवलेले गवत मेंढ्यांना चरायला सोडतात आणि त्यांच्या लेंड्यांचे खत त्याच जमिनीला मिळते. कोकणातले शेतकरी धनगरांना धान्य किंवा पैसे देऊन शेतात मेंढरे बसवून घेतात, हे मी दुभाष्या मित्रामार्फत त्याला सांगितले, तेव्हा त्याने रात्रीला किती मेंढ्या बसवतात आणि मोबदला कसा ठरतो, असे एकामागून एक प्रश्न विचारले. त्या गप्पांत माझे जेवण राहून गेले, पण मला त्याची मुळीच खंत नाही.

खाडीकाठ
ऱ्होन नदीच्या मुखाकडच्या कामार्ग या पाणथळ भागाविषयी अजून कोणी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहण्यासाठी पों-द-गो येथील पक्षी उद्यानात सकाळी लवकर जावे. पांढरे घोडे आणि काळे बैल तर रस्त्यावरूनही दिसतात.

मला मात्र भाताने खिळवून ठेवले. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात खाचरांत ऱ्होन नदीचे पाणी सोडतात आणि उभ्या पाण्यात बी फेकतात. रोपे काढून लावणी करीत नाहीत. समुद्रालगतच्या या जमिनीत मीठ वर येते आणि भाताचे गोडे पाणी ते खाली दाबून ठेवते, म्हणून गव्हासारख्या दुसऱ्या पिकांनाही त्या शेतात जागा मिळते. आमच्या खारजमिनीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंडोचायनातून सक्तीने आणलेल्या व्हिएतनामी कामगारांच्या कष्टांवर ही भातशेती उभी राहिली, हे तिथे तांदूळ विकत घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

डास फार असतात.

मेथीची जुडी
@खाडीकाठ, तांदूळ आणला का? भात मोकळा होतो की चिकट? आणि शाकाहारी माणसांचे तिथल्या खेड्यांत कसे निभावते, तेही कोणी सांगावे. सासूबाई अंडेही खात नाहीत.

तुलूजवासी
@मेथीची जुडी, काकूंसाठी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्या आणि आठवडी बाजारातून भाजी आणा. आप्तचा बाजार शनिवारी, लुर्मारँचा शुक्रवारी भरतो. एप्रिलमध्ये ॲस्पॅरॅगस, कार्पांत्राच्या स्ट्रॉबेऱ्या आणि कोवळे मटार मिळतात. दोन गोष्टींची आधी चौकशी करावी: काळ्या ऑलिव्हच्या तापनाद चटणीत अँकोव्ही मासे असतात, आणि पारंपरिक चीजमध्ये वासराच्या किंवा करडाच्या जठरातले, दूध साकळवणारे रेनेट वापरतात.

नोकरीनिमित्त आम्ही तुलूजला राहतो, त्यामुळे आमचा वसंत कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठी जातो. पिएर-पॉल रिके यांच्या योजनेवर १६६६ साली काम सुरू झाले आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला. रिके त्याच्या काही महिने आधी वारले. परवान्याशिवाय चालवता येणाऱ्या बोटी भाड्याने मिळतात. बेझिएजवळ फोन्सेरान येथे पायऱ्यांसारख्या एकापुढे एक बांधलेल्या जलकपाटांमधून बोट वर चढते, ते तरी अवश्य पाहावे. काठावरच्या प्लेन वृक्षांना २००६ पासून बुरशीचा रोग लागला असून हजारो झाडे तोडावी लागली. दरवर्षी एखादा ओळखीचा पट्टा उघडा पडलेला पाहताना गलबलून येते.

खाडीकाठ
@मेथीची जुडी, आखूड दाण्याचा थोडासा चिकट होतो. तांबडा तांदूळही मिळतो. पेज उत्तम झाली.

वाराघर
उबदार कपडे न्या. मिस्त्राल वारा ऱ्होनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येतो आणि आकाश निरभ्र असूनही हाडे गारठवतो. जुन्या शेतघरांना उत्तरेच्या भिंतीत खिडक्या का नसतात आणि शेतांच्या कडेला सायप्रसची झाडे दाट ओळीत का लावलेली असतात, हे त्या वाऱ्यात उभे राहिले की आपोआप कळते. एप्रिल २०२१ च्या गोठलेल्या दहिवराने द्राक्षमळे आणि फळबागा एका रात्रीत होरपळल्या होत्या, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याशी या ऋतूत हवामानावर बोलणे सहज घेऊ नये.

मेथीची जुडी
सर्वांचे आभार. सासूबाईंना मेंढरे पाहायचीच आहेत. तो सोमवार नेमका केव्हा येतो?

माणदेशी
ताई, ईस्टरप्रमाणे तारीख बदलते. २०२६ साली २५ मे आहे. आदल्या दिवशी, २४ मेला, सँत-मारी-द-ला-मेर येथे रोमा लोक सारा या आपल्या संतमातेची मूर्ती समुद्रापर्यंत नेतात आणि पांढऱ्या घोड्यांवरचे गुराखी सोबत चालतात. आर्लमध्ये मुक्काम केल्यास दोन्ही ठिकाणे मोटारीने तासाभराच्या आत आहेत. खोल्या लवकर भरतात, आत्ताच पाहून ठेवा.