प्रति: बोनव्हिलवर वेग का पडतो?

वर म्हटलंय की बोनव्हिल (अमेरिकेतलं मिठाचं सपाट मैदान, जिथे वेगाचे विक्रम करतात) सुमारे १,२८० मीटर उंचीवर, हवा विरळ, म्हणून मोटरसायकलचा वेग कमी भरतो. अर्धंच खरं. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद घटते, तसा हवेचा विरोधही जवळपास तेवढाच घटतो. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मात्र बारीक करा, नाहीतर मिश्रण रिच होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होऊन, स्पार्क प्लग काळा पडतो.

खरा चोर म्हणजे मिठावर घसरणारं मागचं चाक. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि गिअरिंगच्या हिशोबाने वेग २२० निघतो नि जीपीएस २००च दाखवतो, म्हणजे ९ टक्के स्लिप (चाकाचं घसरणं). तिथे स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलून काय होणार? मागच्या ॲक्सलजवळ, शक्य तितकं खाली शिशाचं वजन घट्ट बांधा, थ्रॉटल हळू उघडा. ओलं मीठ वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलं की मिसफायर (ठिणगी चुकून इंजिन अडखळणं) ठरलेलं. तिथे आधीच डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल अडवणारं ग्रीस) भरा.