एम-२ ची केटी: ऑनलाइन शिकवणी लावावी की रत्नागिरीचा क्लास?

नमस्कार मंडळी,

मुलगा इंजिनिअरिंगला आहे, मुंबई विद्यापीठ. दुसरं वर्ष सुरू झालंय, पण एम-२ ला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताच्या दुसऱ्या पेपरला, केटी लागली (नापास, पेपर पुन्हा द्यायचा). बाकीचे विषय व्यवस्थित सुटले. पुढच्या गणितात, एम-३ मध्ये, आता लाप्लास ट्रान्सफॉर्म आहे आणि तिथेही पावलोपावली इंटिग्रेशन लागतं, म्हणजे मागचं कच्चं राहिलं की पुढचंही अडणार. शिकवणी लावायची हे घरात ठरलंय. कुठली, यावर घोडं अडलंय.

आम्ही पूर्णगडच्या बाजूला राहतो. रत्नागिरीत एक सर संध्याकाळी चार-पाच मुलांची बॅच घेतात. उत्तम शिकवतात, असं सगळेच सांगतात. पण क्लास सुटल्यावर आमच्याकडे यायला फक्त वस्तीची गाडी उरते. ती चुकली की मुलाने कसंबसं पावस गावापर्यंत यायचं आणि ह्यांनी बाइक घेऊन आणायला जायचं. या पावसात, रात्रीचं, त्या रस्त्याने? मला धीर होत नाही. रूम आणि खानावळ यंदाच्या आंब्यावर झेपणार नाही.

दुसरे सर पुण्याचे. ऑनलाइन, एकट्याला शिकवतात, वेळ आपल्या सोयीने. डेमोला मी मुद्दाम शेजारी बसले. सर टॅबवर फार स्वच्छ लिहितात, रेकॉर्डिंगही देतात. त्यांनी डबल इंटिग्रेशनमधलं ऑर्डर बदलायचं (आधी एक्स की आधी वाय, तो क्रम उलटायचा) गणित घातलं. मुलाने पॅराबोला काढला, रेषा काढली, उभी पट्टी दाखवली. आडवी पट्टी घेताना लिमिट कुठून कुठे, तिथे पेन्सिल थांबली ती थांबलीच. सरांना दिसत होता फक्त त्याचा चेहरा. "समजतंय ना?" "हो सर." सर पुढे गेले.

माझी सगळी काळजी तिथे आहे. मुलगा बुजरा आहे, अडलं तरी बोलत नाही. शेजारी बसलेल्या शिक्षकाला वही दिसते, त्याला विचारावं लागत नाही. ऑनलाइनमध्ये वही दिसेल अशी सोय कोणी केली आहे का? शिवाय आमच्याकडे पाऊस धरला की लाइट जाते आणि मागोमाग रेंज. असा बुडालेला तास सर भरून देतात का?

एनपीटीईएलची (आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत ऑनलाइन) व्याख्यानं त्याने मोबाइलवर उतरवून ठेवली आहेत. चांगलीच आहेत, पण ती त्याची वही तपासत नाहीत.

प्रतिसाद (चिपळूण):
ताई, मी डिप्लोमाला गणित शिकवतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आम्हा शिक्षकांपुढे हाच प्रश्न होता. लॅपटॉपवर सर ठेवा आणि त्याच मीटिंगला मोबाइल वेगळ्या नावाने जोडा. मोबाइलचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो. वहीच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची चळत, वर आडवी लाकडी पट्टी, तिच्यावर मोबाइल, कॅमेरा खाली. चेहऱ्याचा कॅमेरा बंद ठेवा, डेटा वाचतो. सरांना आधीच सांगा की गणित मुलगा सोडवेल आणि तुम्ही बघायचं. याला तयार नसतील तर दुसरे सर शोधा. बुडालेल्या तासाचंही फी देण्याआधी ठरवा.

आणि मुलाला सांगा, आडवी पट्टी डावीकडून जिथे आत शिरते ती खालची लिमिट, उजवीकडे बाहेर पडते ती वरची. वाय बरोबर एक्स ही रेषा आणि वाय बरोबर एक्सचा वर्ग हा पॅराबोला असेल, तर एक्स हा वायपासून वायच्या वर्गमुळापर्यंत जातो. मग बाहेरची लिमिट ० ते १.

प्रतिसाद (सावंतवाडी):
काकू, माझाही एम-२ राहिला होता. मी रविवारी सकाळी सरांकडे जायचो, दिवसाउजेडी परत. मधल्या दिवसांत अडलेल्या पायरीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचो. फोटोला रेंज फार लागत नाही, आणि "मला येत नाही" असं तोंडाने सांगावं लागत नाही. मलाही ते जड जायचं.

धागाकर्ती:
सर, पट्टीची जोडणी आम्ही आजच करून बघतो आणि पुण्याच्या सरांशी बोलते. सावंतवाडीच्या बाळा, तुझं शेवटचं वाक्य मुलाला वाचून दाखवलं, तो लगेच म्हणाला रविवारी जातो. रत्नागिरीच्या सरांनी एकट्यासाठी रविवारची सकाळ काढायची तर बॅचपेक्षा किती जास्त फी देणं रास्त होईल? तिकडच्या कोणाला अंदाज असेल तर कळवा, उद्या फोन करायचाय.